व्ही-आठ की सरळ सहा : मामा-भाच्याचा संवाद

जर्मनीत जुन्या मोटारींची वर्गवारी वयावरून होते. साधारण वीस ते तीस वर्षांच्या गाडीला तिथे ‘यंगटायमर’ म्हणतात, तर तीस वर्षे ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘ओल्डटायमर’ ठरून तिला १९९७ पासून ‘एच’ या अक्षराने संपणारी वेगळी नंबरप्लेट मिळू शकते. या उंबरठ्यावरच्या, म्हणजे १९९० च्या आगेमागे बनलेल्या वेगवान मोटारींना संग्राहक आधुनिक अभिजात मोटारी मानतात, आणि त्यांची चर्चा निघाली की दोन नावे हटकून एकमेकांसमोर उभी राहतात : मर्सिडीज-बेंझची ५०० ई आणि बीएमडब्ल्यूची दुसऱ्या पिढीची एम५, जिची मालिका कारखान्याच्या संकेतानुसार ई३४ म्हणून ओळखली जाते. दोन्ही चार दारांच्या, बाहेरून घरगुती वाटणाऱ्या, मागच्या चाकांवर जोर देणाऱ्या, आणि ताशी २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने मुद्दाम रोखलेल्या.

पुणे जिल्ह्यात ही तुलना नुसते परदेशी कौतुक राहत नाही, कारण ५०० ई ज्या डब्ल्यू१२४ मालिकेतली, त्याच मालिकेची साधी गाडी १९९५ मध्ये पिंपरी-चिंचवडला टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात जोडली जाऊ लागली आणि भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज मोटार ठरली. पुढे २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. चाकणहून नाशिककडे निघालेला महामार्ग राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकत नारायणगाव, आळेफाटा गाठतो. या पट्ट्यात द्राक्ष, टोमॅटो आणि कांद्याच्या बागायतीने आलेला पैसा आणि चाकणच्या कारखान्यांतून आलेले यंत्रज्ञान एकाच घरात नांदतात, त्यामुळे मोटारीकडे पाहण्याच्या दोन दृष्टीही एकाच घरात असतात. पुढील संवादातला मामा नारायणगावचा द्राक्षबागायतदार असून भाचा मंचरला राहून चाकणला नोकरी करणारा अभियंता आहे. ही पात्रे कल्पित, म्हणजे त्या दोन दृष्टींची रूपे होत. त्यांच्या तोंडची यंत्रांची माहिती मात्र खरी आहे.

भाचा : मामा, वेगवान गाडीची परीक्षा इंजिनापासूनच सुरू व्हायला हवी, आणि इंजिनाच्या कुळाला मान द्यायचा तर एम५ च्या जवळपास कोणी येत नाही. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन थेट १९७८ च्या एम१ या शर्यतीच्या वंशातल्या गाडीच्या इंजिनावरून उतरले आहे, आणि त्यामागे पाउल रोश या अभियंत्याचा हात आहे. ३,५३५ सीसीच्या या इंजिनातून, टर्बोचा कसलाही आधार न घेता, ३१५ अश्वशक्ती मिळते. १९९२ पासून ते ३,७९५ सीसीचे झाले आणि ताकद ३४० वर गेली.

भाच्याच्या म्हणण्यातले मर्म असे की एम५ मध्ये सहाही सिलिंडर एका सरळ रेषेत असतात, आणि या मांडणीत दट्ट्यांच्या वरखाली होण्यातून उद्भवणारे हादरे एकमेकांना आपोआप छेद देतात, म्हणून इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या घरात गेले तरी ते थरथरत नाही. शिवाय प्रत्येक सिलिंडरला हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, स्वतंत्र आहे. सामान्य गाडीत एकाच थ्रॉटलमधून आलेली हवा सगळ्या सिलिंडरांत वाटली जाते आणि त्या वाटपात क्षणभर दिरंगाई होते; इथे ती दिरंगाई जवळपास नाहीशी झाल्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की इंजिन तत्काळ उत्तर देते. सर्वाधिक ताकद मात्र ६,९०० फेऱ्यांना मिळते, म्हणजे चालकाने गिअर हाताने, वेळेवर आणि जाणून बदलले तरच ती हाती येते.

मामा : कुळच काढायचे तर ५०० ई चे कूळही शर्यतीचेच आहे. तिच्यातल्या व्ही-आठ इंजिनाचेच टर्बो लावलेले रूप १९८९ मध्ये झाउबर-मर्सिडीजच्या गाडीत बसून ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकून आले. पण त्या गोष्टीचे कौतुक बाजूला ठेवले तरी चालेल. ४,९७३ सीसी, ३२६ अश्वशक्ती, आणि टॉर्क ४८० न्यूटन-मीटर, तोही ३,९०० फेऱ्यांनाच. तुझ्या ३४० अश्वशक्तीच्या एम५ ला टॉर्क ४०० च, आणि तोही ४,७५० फेऱ्यांपर्यंत चढल्यावर. माळशेज घाट चढताना वळणावरून बाहेर पडलेल्या गाडीला ओढ लागते ती खालच्या फेऱ्यांत.

टॉर्क म्हणजे फिरवणाऱ्या जोराचे माप, आणि अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने काम उरकतो याचे माप. मामाचा आग्रह पहिल्यावर आहे, भाच्याचा दुसऱ्यावर. व्ही-आठ इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी कोन करून बसवलेल्या असतात, त्यामुळे मोठे इंजिन आखूड जागेत मावते. तरीही मुळात चार ते सहा सिलिंडरांसाठी आखलेल्या डब्ल्यू१२४ च्या तोंडात पाच लिटरचे यंत्र बसवणे सोपे नव्हते. बॅटरी उचलून डिकीत न्यावी लागली, आणि मागे मधले आसन न देता दोनच स्वतंत्र आसने द्यावी लागली.

भाचा : मग पाच माणसांच्या घराने काय करायचे, मामा? आणि सेकंद पाहा : ३.८ लिटरची एम५ शून्यावरून शंभरला ५.९ सेकंदांत पोचते, तुमची ५०० ई सहाच्या आसपास. दीड लिटरने लहान इंजिन असून हिशेब बरोबरीत सुटतो, हे कौशल्य कोणाचे?

मामा : तुझा हिशेब दीड नाही, सुमारे सव्वा लिटरचा आहे, तेवढे दुरुस्त कर. बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर, बारी सुटली की निकाल सेकंदांवर लागतो, हे जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत कोणाला शिकवायला नको. पण बैल विकत घेणारा माणूस सेकंद विचारून गप्प बसत नाही. तो खांदा पाहतो, खूर पाहतो, चालताना पाय कसा टाकतो ते पाहतो, कारण बारी सेकंदांची असली तरी बैल वर्षानुवर्षे सांभाळायचा असतो. गाडी संग्रही ठेवायची असेल तर तीही तशीच पाहावी.

इथे मामाची दृष्टी वादाला योग्य जागी आणते. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये आलेली बंदी आणि २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलेली परवानगी, जिच्यानंतर २०२३ मध्ये घटनापीठानेही मान्यता दिली, या मधल्या काळात जुन्नर-आंबेगावातल्या कित्येकांनी शर्यत नसतानाही बैल राखले, आणि संग्राहकाची वृत्ती याहून वेगळी नसते : जी वस्तू रोज पळवता येणार नाही, तीही पळण्याच्या स्थितीत ठेवणे.

५०० ई ची बांधणी हा या वादातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि त्यावर थोडे अधिक थांबणे इष्ट. रुंद टायर बसावेत म्हणून गाडीच्या चाकांवरच्या कमानी फुगवल्या गेल्या, आणि त्या वाढलेल्या रुंदीमुळे ती झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या नेहमीच्या जोडणीरांगेत शिरेना. मर्सिडीजचे अभियंते त्या वेळी नव्या एस-क्लासच्या कामात गुंतले होते, तर त्याच स्टुटगार्ट परिसरातल्या पोर्शेकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागणी घटून काम कमी पडले होते. म्हणून विकासाचे आणि जोडणीचे काम पोर्शेला देण्यात आले. पत्रे आणि सुटे भाग झिंडेलफिंगेनहून झुफेनहाउजेनला जात, तिथे ‘रोसले-बाउ’ या इमारतीत, जिथे पूर्वी पोर्शेची ९५९ बनत असे, सांगाडा तयार होई. तो रंगासाठी पुन्हा झिंडेलफिंगेनला येई, रंगून इंजिन आणि अंतर्भाग बसवण्यासाठी पुन्हा पोर्शेकडे जाई, आणि शेवटच्या तपासणीला परत मर्सिडीजकडे. एका गाडीला असे अठरा दिवस लागत. १९९० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीचे उत्पादन १९९५ मध्ये थांबले तेव्हा एकूण संख्या १०,४७९ भरली होती.

भाचा : एम५ देखील म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये बरीचशी हातानेच जोडली गेली, आणि १९८८ ते १९९५ या काळात तिची संख्याही बारा हजारांच्या आसपासच राहिली, म्हणजे दुर्मीळपणात दोघींत फार अंतर नाही. फरक पडतो तो असा की एम५ बनवणाऱ्यांनी ती आपल्या बळावर बनवली. मर्सिडीजला शेजाऱ्याचा हात धरावा लागला.

मामा : शेजाऱ्याचा हात धरला म्हणून वस्तू हलकी होत नाही. प्रश्न आहे की त्या हाताने काय बनले.

बनले ते असे की गाडी भरधाव असतानाही तिची सावधगिरी ढळत नाही, आणि याचे कारण मागच्या चाकांच्या जोडणीत आहे. एम५ मध्ये मागचे प्रत्येक चाक एका तिरप्या, त्रिकोणी बाहूने सांगाड्याला जोडलेले आहे. ही रचना हलकी व खात्रीची, पण चाक खड्ड्यात उतरले किंवा वळणावर गाडी कलली की चाकाचा कोन किंचित बदलतो, आणि ओल्या रस्त्यावर भर वळणात पाय एकदम सोडला तर मागचा भाग बाहेर सरकण्याची ओढ धरतो. डब्ल्यू१२४ मध्ये, आणि तिच्या आधी १९८२ च्या मर्सिडीज १९० मध्ये, प्रत्येक मागच्या चाकाला पाच स्वतंत्र दांडे दिलेले आहेत, आणि प्रत्येक दांडा चाकाची एकेक हालचाल सांभाळतो, त्यामुळे चाक वरखाली होताना टायरचा तळ रस्त्याशी जवळपास सपाट टेकलेला राहतो. कुशल चालकाला एम५ चे ते सरकणे आनंदाचे वाटते, आणि भाच्याचा जीव तिथेच जडला आहे. पण आषाढात माळशेजच्या वाटेवर मढच्या पुढे धुके उतरलेले असताना, कड्यावरून पाण्याचे लोट रस्त्यावर येत असताना आणि वळणाआड दरड पडली आहे की नाही हे दिसत नसताना पाच दांड्यांची जोडणी अधिक शहाणी ठरते, हे मामाचे म्हणणे मान्य करावे लागते.

याच मालिकेतला आणखी एक भाग जवळून पाहण्यासारखा आहे. डब्ल्यू१२४ च्या काचेवर दोन नव्हे, एकच वायपर असतो. तो नुसता डावीकडून उजवीकडे फिरला असता तर काचेचे वरचे दोन्ही कोपरे ओलेच राहिले असते. म्हणून त्याच्या बुडाशी असलेली दातेरी रचना तो फिरत असतानाच त्याला आतबाहेर सरकवते, म्हणजे कोपऱ्याकडे जाताना हात लांबतो आणि मध्यावर येताना आखडतो, आणि काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसला जातो. वायपर चालू असताना बाजूने पाहिले तर हाताची ही लांबआखूड होणारी चाल स्पष्ट दिसते. वेगवान गाडीत दिसणे हाही वेगाचाच भाग असतो, हे ज्यांनी ओळखले त्यांचीच ही करामत.

भाचा : वायपरपर्यंत आलो आहोत तर निगेचेही बोलू. ५०० ई गर्दीने भरलेल्या बॉनेटखाली तापते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या तारांवर जे वेष्टन वापरले ते उष्णतेने कडक होऊन गळून पडते, तारा उघड्या होतात आणि गाडी कारण न देता बंद पडते. एम५ मध्ये असा दगा नाही.

मामा : एम५ चे व्हॉल्व्ह ठरावीक अंतराने कोण जुळवणार, तेही सांग.

दोन्ही आक्षेप खरे आहेत. एम५ च्या इंजिनात चोवीस व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांची फट योग्य राखण्यासाठी ठरावीक काळाने ती मोजून, नेमक्या जाडीच्या छोट्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, बदलाव्या लागतात. ५०० ई मध्ये हीच फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते. म्हणजे एकीला नियमित आणि कसबी हात लागतो, तर दुसरीच्या तारांचे पूर्ण जाळे एकदा बदलून घेतले की काम भागते. इंधनाचा प्रश्न दोघींना सारखाच छळतो. भीमाशंकर आणि विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने ज्या उसावर उभे आहेत, त्या पिकापासून आज देशभर इथेनॉल बनते आणि पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याला त्याने पैसा मिळतो आणि ते योग्यच आहे, परंतु तीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नव्हते, म्हणून जुनी गाडी राखणाऱ्याने इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घेणे आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे अगत्याचे आहे.

वाद इथवर आल्यावर कायद्याची भिंत आडवी येते. आजच्या नियमांनुसार वापरलेली मोटार भारतात आणायची तर सर्वसाधारणपणे ती बनून तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे. ५०० ई मुळात डाव्या स्टिअरिंगचीच बनली. एम५ उजव्या स्टिअरिंगचीही बनली, पण तिचे वय आड येते. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना तर २००७ मध्ये सुरू झाला, तोवर ई३४ इतिहासजमा झाली होती. म्हणजे जुन्नर-आंबेगावातल्या हौशी माणसासाठी या दोन्ही गाड्या स्टुटगार्ट किंवा म्युनिकला जाऊनच पाहण्याच्या.

भाचा : मग या सगळ्या बोलण्याचा उपयोग काय, मामा? आंबेगावातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूने १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे प्राण दिले. त्याच आंबेगावात परदेशी गाड्यांची आरती करायची?

मामा : आरती नको. पण जी गाडी आपल्याच जिल्ह्यातल्या कामगारांनी जोडली, तिला तरी परकी म्हणू नकोस.

हा प्रश्न आणि हे उत्तर, दोन्ही वजनदार आहेत. जर्मन यंत्रांशी देशाचा आणि या भागाचाही संबंध १९९५ च्याही आधीचा आहे. टाटा आणि डायम्लर-बेंझ यांनी १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवण्याचा करार केला तो १९६९ पर्यंत चालला. पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९८० च्या दशकात मर्सिडीजचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतले. हे इंजिन मुळात मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीचे, आणि तेच टेम्पो ट्रॅक्स या प्रवासी गाडीच्या पोटात बसून आदिवासी पाड्यांपासून बाजारगावांपर्यंत माणसे वाहू लागले. ट्रॅक्स उघडून बसवणाऱ्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मर्सिडीजच्या डिझेलची नाडी त्याच काळात हाती घेतली होती, मग बॉनेटवर चांदणी असो वा नसो. आज हीच बजाज टेम्पो, फोर्स मोटर्स या नावाने, मर्सिडीजची इंजिने चाकणला आणि बीएमडब्ल्यूची चेन्नईला जोडते. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांवर एकाच पुणेरी उद्योगाचा हात फिरतो.

भाचा : पण पिंपरीत बनलेल्या ई २२० ला ५०० ई ची बहीण म्हणताना ताकदही पाहा : १५० अश्वशक्ती, निम्म्याहून कमी. आणि १९९५ मध्येच जर्मनीत नवी ई-क्लास आली, म्हणजे तिथे निवृत्त होत असलेली गाडी इथे नवी म्हणून विकली गेली.

मामा : ती तक्रार त्या वेळच्या गिऱ्हाइकाची होती आणि रास्त होती. पण तीस वर्षांनी तोच दोष गुण ठरतो, कारण जी मालिका दहा वर्षे सुधारत सुधारत पक्की झाली, तिचे सर्वांत पक्के रूप इथल्या वाट्याला आले. पाच दांडे तेच, वायपर तोच, दाराचा आवाज तोच.

भाचा : वेग तोच नाही.

मामा : नाही. तेवढे तुझे खरे.

निवाडा द्यायचाच तर तो असा द्यावा लागेल. इंजिन म्हणून एम५ श्रेष्ठ आहे, कारण इतक्या लहान आकारातून इतकी ताकद, टर्बोशिवाय आणि इतक्या तत्परतेने, त्या काळी चार दारांच्या फार थोड्या गाड्यांनी दिली. संपूर्ण मोटार म्हणून ५०० ई श्रेष्ठ, कारण तिच्यात वेग, ब्रेक, चाकांची जोडणी आणि टिकाऊपणा यांपैकी एकही दुसऱ्याच्या जिवावर मोठे झालेले नाही. परंतु जुन्नर आणि आंबेगावच्या मातीत राखण्याजोगी गाडी या दोहोंपैकी एकही नाही. ती १९९५ पासून पुण्यात जोडलेली डब्ल्यू१२४ आहे, मग ती ई २२० असो वा पाच सिलिंडरची ई २५० डिझेल, कारण तिची मालकी कायदेशीर आहे, तिची दुरुस्ती इथल्या हातांना जमणारी आहे, आणि तिच्यात या जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचा एक अस्सल तुकडा आहे. भाच्याला हे पूर्णपणे पटणार नाही, आणि वेगावर प्रेम असलेल्या माणसाला ते पटू नये हेही समजण्यासारखे आहे.

ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी द्राक्षाच्या क्रेटआड उभी असेल त्यांना विनंती एवढीच की ती भंगारात घालू नये. चासी क्रमांक, मूळ बिल आणि सर्व्हिस बुक एकत्र बांधून ठेवावे. इंजिनाच्या तारा हाताने वाकवून पाहाव्यात आणि वेष्टन तडकत असेल तर जाळे बदलून घ्यावे. एलपीजीचे किट बसवू नये. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी वेळेवर नूतनीकरण करून घ्यावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते, आणि पिंपरीत जोडलेल्या पहिल्या गाड्यांना तो हक्क २०४५ मध्ये मिळेल.